आजोबांचं नाव, आजीचं माहेर

शिरूर-दौंड भागात वंशावळ हा शब्द अलीकडे घराघरांत पोचला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ज्यांनी कधी जुना कागद हातात धरला नव्हता ती माणसंही पणजोबांचं नाव शोधायला कचेरीत जाऊ लागली. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, त्यातल्या जन्ममृत्यूच्या ओळी, बऱ्याचदा मोडीत. नाव सापडतंही, समजा खंडू. पण तो खंडू आपलाच कशावरून?

थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची आपली रीत जुनी. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, नातू पुन्हा बाळाजी. संभाजीराजांच्या मुलाचं नाव शिवाजी. त्याला आपण शाहू म्हणून ओळखतो. राजाराम-ताराबाईंच्या मुलाचं नावही शिवाजीच. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ज्यांची समाधी आहे त्या संभाजीराजांचं नाव त्यांच्या दिवंगत चुलत्याचं. छत्रपतींच्या घरात हे, तर वाडीवस्तीवर काय सांगावं! एका खंडूला चार मुलगे असले आणि चौघांनीही बापाचं नाव पुढे चालवलं, तर वीसेक वर्षांत एकाच भावकीत चार नवे खंडू. म्हणून जुन्या कागदात ‘खंडू बिन मालू’ असं लिहिलेलं असतं. वंशावळ लावताना खंडूपेक्षा त्या ‘बिन’ नंतरचं नाव मोलाचं. बाप, गाव आणि जमीन जुळल्याशिवाय माणूस जुळला असं मानू नये.

त्यात आणखी एक गुंता. सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. मग आजोबांचं नाव मिळालेल्या पोराला हाक कशी मारायची? बापू, आबा, नाना, तात्या. बाळाजी बाजीरावांचे नानासाहेब झाले तशीच घरोघरी हाकेची नावं रूढ झाली. गाव ज्याला आयुष्यभर तात्या म्हणत आलं त्याचं सातबाऱ्यावरचं नाव सख्ख्या नातवालाही आठवत नाही. कागदात धोंडू, दगडू, केरू दिसला तर थांबून विचार करावा. आधीची मुलं दगावली, की मागून झालेल्याला दृष्ट लागू नये म्हणून असं नाव ठेवत. त्या एका नावामागे, कुठेच नोंद न झालेली भावंडं असू शकतात.

जर्मन घराण्यांचा शोध घेणाऱ्यांपुढेही असेच पेच असतात. तिथे आजोबांची आणि बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याची नावं मुलांना देत. एका घरातल्या सगळ्या भावांचं पहिलं नाव योहान, आणि हाक दुसऱ्या नावाने. वेस्टफालियात शेतवाडीला स्वतःचं नाव असे आणि तिथल्या मुलीशी लग्न करून राहायला आलेला जावई पुष्कळदा तेच आडनाव लावी. पूर्व फ्रिसलंडमध्ये बापाचं नाव हीच मुलाची ओळख होती. १८११ मध्ये नेपोलियनच्या हुकमाने कायम आडनावं घ्यावी लागली.

आपल्याकडे गावावरून आडनाव होतं हे सर्वांना ठाऊक आहे. शिरूर तालुक्यात त्याच्या उलटंही दिसतं, आणि मला ते फार बोलकं वाटतं: तळेगाव ढमढेरे, मांडवगण फराटा, पिंपळे जगताप. गावाच्या नावालाच घराणं जोडलेलं! कुठे देवी जोडलेली (कवठे यमाई, कान्हूर मेसाई), तर कुठे गावाची महसुली स्थिती: गणेगाव खालसा, पिंपरी दुमाला. दौंड तालुक्यातल्या हिंगणी बेर्डीचं नाव भोसल्यांच्या पाटीलकीमुळे इतिहासात आलं. गावाच्या नावातलं हे दुसरं पद शोधकाने कधीच गाळू नये. नुसतं तळेगाव लिहिलं तर मावळातलं तळेगाव दाभाडे आडवं येतं.

पिढ्यांची सर्वांत भरघोस नोंद मिळते ती भांडणांमुळे. पाटीलकी-कुलकर्णाच्या वाट्यावरून वाद झाला की प्रत्येक बाजू आपला करीना मांडी: मूळ पुरुष कोण, त्याचे मुलगे किती, कोण निपुत्रिक वारला, कोणी दत्तक घेतला. असे करीने आणि महजर (निवाडपत्रं) पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात अभ्यासता येतात. दत्तक शोधताना भावकीतली दुसरी शाखा आधी तपासावी, कारण मुलगा बहुधा तिथलाच असतो. जन्मदात्याचं नाव मात्र त्याच्या नावातून गेलेलं असतं.

पण ज्यांच्याकडे वाटून घ्यायला वतन नव्हतं त्यांचं काय? भूमिहीनांच्या पिढ्या या कागदांत क्वचितच येतात, आणि बायकांच्या तर वतनदार घरांतल्याही येत नाहीत. लग्नात बापाचं नाव आणि आडनाव सुटे, पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही बदले. कागदात ती ‘कोम खंडू’, म्हणजे खंडूची बायको, एवढीच उरते. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गाव आणि आडनाव सांगून आपलं घराणं शोधता येतं, आणि तिथे कधीकधी आई-आजीची नावं भेटतात. वंशावळ म्हणून आपण जे अभिमानाने चौकटीत लावतो ते अर्धंच घर असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदांवर, आईचं नाव वडिलांच्या आधी लिहिणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं. पुढच्या शोधकाला आई सापडेल. तिचं माहेर मात्र या नियमानेही कळणार नाही. ते सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या अजून न्हावऱ्यात, पाटसला, यवतला आहेत. मोडी वाचक शोधण्याआधी त्यांच्याकडे वही घेऊन बसावं आणि पहिला प्रश्न विचारावा, तुमच्या सासूबाई कुठल्या गावच्या, कुणाच्या लेक?