बालहृदय-प्रत्यारोपण तज्ज्ञाचे कार्य : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
अलिबाग, मुरुड वा श्रीवर्धन तालुक्यातील एखाद्या कोळीवाड्यात तान्हे मूल दूध ओढताना धापा टाकते, त्याच्या कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. घरात ते 'अशक्त' समजले जाते. ही हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता घटल्याची लक्षणे असू शकतात. अशा बालकांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले. तीनच दिवसांनी ब्रुकलिन येथे डॉ. एड्रियन कान्ट्रोविट्झ यांनी तान्ह्या बालकावर ही शस्त्रक्रिया केली. ते काही तासच जगले. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिला प्रयत्न केला. तो रुग्णही वाचला नाही. पुढे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभ-मृत्यूस मान्यता दिली. त्याच वर्षी दिल्लीत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी प्रत्यारोपण केले.

तज्ज्ञाचे कार्य :
प्रत्यारोपण हा अखेरचा उपाय होय. जन्मजात रचनादोष शस्त्रक्रियेने दूर होतो का, स्नायूंचा विकार औषधांनी आटोक्यात येतो का, हे तज्ज्ञ प्रथम पाहतो. ते अशक्य ठरल्यास दात्याचा शोध सुरू होतो. येथे खरी अडचण आकाराची असते. प्रौढाचे हृदय बालकाच्या छातीत मावत नाही. दाता बालक असल्यास संमती शोकमग्न आईवडिलांनाच द्यावी लागते. काढलेले हृदय साधारणतः चार तासांत बसवावे लागते. शस्त्रक्रियेनंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आयुष्यभर, वेळेवर घ्यावी लागतात. त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो. मात्रा कमी पडल्यास शरीर नवे हृदय नाकारते. म्हणून तज्ज्ञाचा संबंध केवळ रुग्णाशी नव्हे, तर संपूर्ण कुटुंबाशी असतो.

रायगडचा संदर्भ :
प्रत्यारोपणाची सोय मुंबईत आहे. परंतु पावसाळ्यात मांडवा-गेटवे लाँचसेवा बंद राहते, तर श्रीवर्धनहून रस्त्याने जाण्यास कित्येक तास लागतात. वारंवार तपासणीसाठी जाताना मजुरी बुडते. त्यामुळे निदान लवकर होणे निर्णायक ठरते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. जिल्ह्यातच, खारघर येथे, श्री सत्य साई संजीवनी केंद्रात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य केल्या जातात. रचनादोष वेळीच दुरुस्त झाल्यास अनेक बालकांवर प्रत्यारोपणाची वेळच येत नाही.

निष्कर्ष :
प्रत्यारोपणाचे यश शस्त्रक्रियागृहाइतकेच गावातील जागरूकतेवर अवलंबून आहे. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून दूध पिताना लागणारी धाप, घाम व खुंटलेले वजन ही तीन लक्षणे घरोघरी पोहोचवावीत, तसेच अवयवदानाविषयी मोकळी चर्चा घडवावी. एखाद्या बालकाचे निदान काही महिने अगोदर झाले, तरी हे श्रम सार्थकी लागतील.