सेनाधिकाऱ्याच्या घरीही पाण्याचं मीटर!

‘सरकारी नळ आहे, असाच यायचा,’ असं म्हणत तुम्ही भल्या पहाटे उठून पिंपं भरता का? मग कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह इथली ही हकिगत वाचाच.

१९७५मध्ये ख्मेर रूजने हे शहर अक्षरशः रिकामं केलं. पुढच्या धामधुमीत जलवाहिन्यांकडे कोण बघणार? १९९३मध्ये दिवसाला जेमतेम १० तास पाणी यायचं, तेही मोजक्याच घरांत. शुद्ध केलेल्या दर १०० लिटरमधले ७२ लिटर गळतीत नाहीतर चोरीत जायचे. चोरून जोडण्या देणाऱ्यांत खात्यातलेच लोक होते!

त्याच वर्षी एक सोन चान (‘एक’ हे त्यांचं आडनाव) या अभियंत्याकडे पाणीपुरवठा आला. त्यांनी चोरांना साथ देणाऱ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, चांगलं काम करणाऱ्यांना बक्षिसं दिली आणि प्रत्येक जोडणीला मीटर लावायला घेतलं. एका बड्या सेनाधिकाऱ्याच्या घरी तर चान यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं गेलं. ते सशस्त्र पोलिस घेऊन परत गेले आणि त्या घराचं पाणी तोडलं. बाकीच्यांना वेगळं सांगावं लागलं नसेल.

गरिबांचं काय, असं तुम्ही विचाराल. नळ नसलेले गरीब विक्रेत्यांकडून कितीतरी पट महाग पाणी घेत होतेच. त्यांना जोडणीसाठी सवलत आणि हप्ते मिळाले. शिवाय कमी वापरणाऱ्याला दर कमी.

काही वर्षांतच पाणी २४ तास येऊ लागलं, पुढे गळती-चोरी ६ टक्क्यांच्या आसपास आली. २००६मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१२मध्ये या संस्थेचे शेअर बाजारात आले, तरी मालकी मुख्यतः सरकारचीच राहिली.

२४ तास पाणी म्हणजे निव्वळ चैन नव्हे. पाणी बंद असलं की रिकामा पाइप फटींतून आजूबाजूची घाण आत ओढतो. पाइप सतत भरलेला असला की आतल्या दाबामुळे ती बाहेरच राहते. आपल्या ओडिशातल्या पुरीत २०२१मध्ये थेट नळाचं पाणी पिण्याची योजना सुरू झाली, तीही २४ तास पुरवठ्यावरच उभी आहे.

नोम पेन्हचं सांडपाणी मात्र या खात्याच्या कक्षेत नव्हतं. ते वर्षानुवर्षं, बहुतांश प्रक्रिया न होताच, शहराच्या दक्षिणेकडच्या पाणथळीत जात राहिलं.