आवाज कुठे अडतो?

"त्यांना माझं ऐकू जातं, पण त्यांचं मला काहीच येत नाही." ऑफिसातल्या इंटरनेट फोनबद्दल अशी तक्रार आली की मी ती शब्दशः लिहून घेतो. 'फोन बिघडलाय' एवढ्यातून काहीच हाती लागत नाही. कोणाचा आवाज कोणाला जात नाही, कॉल किती वेळाने तुटतो, आलेला तुटतो की लावलेला, हे कळलं की निम्मं निदान तिथेच होतं. आणि हे सगळ्यात नेमकं सांगतात त्या रिसेप्शनवरच्या ताई, कारण दिवसभर फोन त्यांच्या कानाला असतो. त्यांना काही न विचारता सर्व्हर रूममध्ये जाऊन सेटिंग बदलत बसणाऱ्यांचा मला राग येतो.

वरची तक्रार चाकणच्या एका कारखान्यातली. कॉल लागत होता, घंटी वाजत होती, स्क्रीनवर सेकंदही पुढे सरकत होते. मग आवाज का नाही? कारण घंटी आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात. कॉल लावणं, उचलणं, ठेवणं ही बोलणी सिप नावाच्या नियमावलीने होतात, बहुतेक ५०६० क्रमांकाच्या पोर्टवर. आवाज मात्र आरटीपीच्या पॅकेटांतून, भलत्याच पोर्टवरून वाहतो. जी.७११ ही नेहमीची पद्धत असेल तर दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेटं. फायरवॉलने पहिली वाट मोकळी ठेवली आणि दुसरी अडवली, की फोन अगदी ठणठणीत दिसतो आणि मुका राहतो.

मी पॅकेटं टिपणारं वायरशार्क लावून ट्रेस घेतला. कॉल सुरू करणाऱ्या निरोपाच्या पोटात आणखी एक छोटा मजकूर असतो, त्यात 'माझ्याकडे आवाज या पत्त्यावर पाठवा' असं सांगणारी ओळ असते. तिथे लिहिलं होतं १९२.१६८.१०.२५. हा कारखान्याच्या आतला, खासगी पत्ता. असे पत्ते लाखो ऑफिसांत आणि घरांत वापरात आहेत, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नाही. फायरवॉल नॅट करताना पाकिटावरचा पत्ता बदलून बाहेरचा लावते, पण आतल्या चिठ्ठीवर जुनाच राहतो. बाहेरच्या फोन-सर्व्हरने चिठ्ठी वाचली, त्या पत्त्यावर आवाज पाठवला, तो कुठेच पोचला नाही. फोनकडून निघालेला आवाज मात्र सर्व्हरच्या खऱ्या पत्त्यावर जात होता, म्हणून समोरच्याला ताईंचं ऐकू येत होतं. उपाय सर्व्हरवर होता: चिठ्ठीतल्या पत्त्यावर विसंबू नकोस, आवाज प्रत्यक्ष जिथून येतोय तिथेच उलट पाठव. ॲस्टेरिस्क या फोन-सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार सेटिंग आहे.

दुसऱ्या दिवशी नवी तक्रार: आलेला कॉल अर्ध्या मिनिटात तुटतो. मी घड्याळ लावून बघायला सांगितलं. दर वेळी ३२ सेकंद. हा आकडा ऐकला की मला बरं वाटतं, कारण तो नियमावलीतच आहे. फोन उचलल्यावर '२०० ओके' जातो आणि समोरून त्याची पोच यावी लागते. पोच आली नाही तर फोन अर्ध्या सेकंदाने तोच निरोप पुन्हा पाठवतो, मग एका सेकंदाने, मग दोन, मग चार सेकंदांनी, आणि पुढे दर चार सेकंदांनी. ३२ सेकंदांत पोच नाहीच आली तर तो कॉल संपवतो. ट्रेसमध्ये तोच निरोप एकाखाली एक रांगेने दिसत होता. पोच पुन्हा त्याच खासगी पत्त्याकडे निघाली होती, कारण निरोपातल्या 'कॉन्टॅक्ट'च्या ओळीतही तोच होता. म्हणजे दुरुस्ती एका जागी झाली होती आणि दुसरी राहिली होती.

मग आलं सिप एएलजी. फायरवॉलमधली ही सोय निरोप उघडून आतले पत्ते स्वतः दुरुस्त करते, निदान तसा हेतू असतो. प्रत्यक्षात अनेक उपकरणांत ती अर्धवट काम करते: एक ओळ बदलते, दुसरी सोडते, नाहीतर सर्व्हरने आधीच नीट केलेलं पुन्हा बिघडवते. नॅटची काळजी सर्व्हर घेत असेल तर मी ही सोय बंदच करायला सांगतो. फर्मवेअर अपडेटनंतर ती परत सुरू झाली आहे का, हेही तपासायला हवं.

अशा वेळी कोणीतरी घाईने म्हणतं, "सगळे पोर्ट उघडून टाका ना." मी याला ठाम नकार देतो. ५०६० सगळ्या जगाला उघडं ठेवलं की थोड्याच वेळात लॉगमध्ये 'फ्रेंडली-स्कॅनर' नावाने दार ठोठावणारे दिसू लागतात. ते एक्सटेन्शनचे क्रमांक आणि पासवर्ड चाचपत असतात. एखादा सापडला की रात्रीतून महागडे परदेशी कॉल लागतात आणि बिल कंपनीच्या नावावर येतं. फायरवॉलच्या रूलमध्ये फक्त सेवा देणाऱ्याचे पत्ते आणि त्याने सांगितलेली पोर्टची श्रेणी, एवढंच लिहावं.

कारखान्यात एक गुंता उरला होता. लॅपटॉपवरच्या फोनचा. 'ब्राउझर चालतोय, म्हणजे इंटरनेट आहे' असं उत्तर आयटी विभाग देत होता. पण वेब-प्रॉक्सीला वेबची भाषा कळते, यूडीपीवरून येणारा आवाज तिच्यातून जात नाही, आणि थेट बाहेर जायला फायरवॉलची मनाई. काही ॲप मग ४४३ पोर्टवरून, टीसीपीतून आवाज पाठवतात. तो पोचतो खरा, पण टीसीपी हरवलेलं पॅकेट परत मागवतं आणि तोवर पुढचं सगळं अडवून धरतं, त्यामुळे बोलणं अडखळतं. हरवलेला शब्द दोन सेकंदांनी मिळून बोलणाऱ्याला काय उपयोग? मी लेखी मागणी केली: फोनसाठी वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र आभासी भाग), त्याला प्रॉक्सीतून वगळा, आणि सर्व्हरच्या पत्त्यापुरती यूडीपीची वाट मोकळी करा. मंजुरीला आठवडा लागला, सेटिंग पाच मिनिटांत झालं.