बेवारस सिनेमा, रंगीत धूर आणि टवाळ आवाज

20 एप्रिल 2004 या दिवशी अमेरिकेत ‘रीफर मॅडनेस’ची एक नवी डीव्हीडी बाजारात आली. चित्रपट 1936चा, कृष्णधवल. गांजा ओढणाऱ्या तरुणांचं कसं वाटोळं होतं, हे आईबापांना बजावून सांगणारा. तारीख मुद्दाम साधलेली होती, कारण चार-वीस हा आकडा म्हणजे तिथल्या गांजाशौकिनांची जुनी खूण. सॅन डिएगोच्या लेजंड फिल्म्स या कंपनीने चित्रपट रंगवला होता आणि रंगवताना धुरालाही सोडलं नव्हतं. एकाच्या तोंडून हिरवा धूर, दुसऱ्याच्या तोंडून जांभळा, कुठे निळा, कुठे नारिंगी. ज्याची जशी तंद्री, तसा त्याचा रंग. शिवाय डीव्हीडीवर एक जादा ऑडिओ ट्रॅक होता. तो लावला की मायकल जे. नेल्सन हा विनोदकार सुरुवातीच्या श्रेयनामावलीपासून शेवटापर्यंत चित्रपटाची फिरकी घेत राहायचा.

या उपदेशपटाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. त्याचं मूळ नाव ‘टेल युअर चिल्ड्रन’. दिग्दर्शक लुई गॅस्निए हा मूकपटांच्या काळातला नावाजलेला माणूस. 1914च्या ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ या गाजलेल्या मालिकापटाच्या दिग्दर्शनात त्याचा वाटा होता. पुढे ड्वेन एस्पर या सवंग चित्रपटांच्या व्यापाऱ्याने ‘टेल युअर चिल्ड्रन’ विकत घेतला, त्यात चाळवणारी दृश्यं घुसडली आणि उपदेशाच्या आडून सनसनाटी विकली. मग चित्रपट विस्मरणात गेला. 1972 मध्ये गांजाविषयीचे कायदे बदलावेत म्हणून झटणाऱ्या ‘नॉर्मल’ या संघटनेच्या कीथ स्ट्रूपला तो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडला. 297 डॉलर मोजून त्याने एक प्रिंट मिळवली आणि कॉलेजांमधून खेळ लावून संघटनेसाठी पैसा उभा केला. ज्या वयाच्या पोरांना धाक घालायला चित्रपट काढला होता, त्याच वयाची पोरं आता तो बघून हसून लोळत होती.

स्ट्रूपला कोणाची परवानगी काढावी लागली नाही. चित्रपटाला मालकच उरला नव्हता. रंग आणि टवाळी यांची पुढची सगळी गोष्ट या बेवारसपणातून सुरू होते.

मालकी सुटते कशी

अमेरिकेतला 1909चा कॉपीराइट कायदा कडक होता. कलाकृती प्रसिद्ध करताना तिच्यावर कॉपीराइटची ओळ, म्हणजे मालकाचं नाव आणि साल, छापलंच पाहिजे. नाही छापलं तर हक्क गेला. छापलं तरी मुदत 28 वर्षांची. ती संपत आली की अर्ज करून नूतनीकरण करायचं, तेही राहिलं तर कलाकृती सगळ्यांची. मोठ्या स्टुडिओंकडे हे सांभाळायला कारकून होते. गावोगावच्या हौशी आणि फाटक्या खिशाच्या निर्मात्यांकडे कोण असणार?

जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या पिट्सबर्गच्या मित्रांनी 1968 मध्ये काढलेला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. चित्रपटाचं आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरकाने नाव बदललं आणि त्यासाठी शीर्षकाची पाटी नवी केली. कॉपीराइटची ओळ जुन्या पाटीवर होती. नव्या पाटीवर ती घालायची राहून गेली. मेलेली माणसं उठून जिवंतांना खातात, हा जगभरच्या भयपटांना कित्येक दशकं पुरलेला मसाला त्या एका ओळीपायी फुकट झाला. कॅन्ससमध्ये उद्योगांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट काढणाऱ्या हर्क हार्वीचा 1962चा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ याच चुकीने सुटला. नूतनीकरण राहिल्याचं ठळक उदाहरण फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चं. 1974 मध्ये त्याची मुदत सरली, टीव्ही केंद्रांना नाताळात दाखवायला फुकटचा चित्रपट मिळाला आणि 1946 मध्ये तिकीटबारीवर फारसा न चाललेला हा सिनेमा अमेरिकेच्या सणाचा भाग होऊन बसला. पुढे 1993 मध्ये एका कंपनीने मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन त्यावर पुन्हा ताबा मिळवला.

पण जो माल कोणीही विकू शकतो, तो विकून पैसा कसा करायचा? व्हिडिओ कॅसेटच्या काळात या चित्रपटांच्या घासलेल्या प्रिंटांवरून काढलेल्या स्वस्त प्रतींचा सुळसुळाट झाला. ज्याला वेगळा भाव हवा, त्याला चित्रपटात स्वतःचं असं काहीतरी घालावं लागणार होतं. त्याची वाट 1987 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मोकळी केली. रंग निवडण्यात पुरेशी सर्जनशीलता असेल, तर रंगवलेल्या आवृत्तीचा स्वतंत्र कॉपीराइट नोंदवता येईल, असा निर्णय त्याने दिला. मूळ चित्रपट सगळ्यांचाच राहतो. मालकी मिळते ती फक्त रंगाच्या थराची. विनोदी कॉमेंटरी तर उघडच नवी निर्मिती. लेजंडच्या डीव्हीडीवर रंग आणि टवाळी एकत्र नांदत होती, ती या हिशेबामुळे.

रंगाचा वाद

त्याआधीच्या वर्षी, 1986 मध्ये, टीव्ही-उद्योजक टेड टर्नरने एमजीएमचा चित्रपटसंग्रह विकत घेतला आणि जुने चित्रपट रंगवून टीव्हीवर दाखवायचा सपाटा लावला. दिग्दर्शक खवळले. वुडी ॲलन आणि मिलोश फोरमन यांनी 1987 मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. 1988 मध्ये चित्रपट-जतनाचा कायदा झाला, त्यातून नॅशनल फिल्म रजिस्ट्री उभी राहिली. जॉन ह्यूस्टनच्या ‘द ॲस्फाल्ट जंगल’चा खटला फ्रान्समध्ये त्याच्या वारसांनी लढवला आणि 1991 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कलावंताच्या नैतिक हक्काच्या बाजूने कौल दिला.

या भांडणाच्या दुसऱ्या बाजूला बॅरी सँड्रू होता. मेंदूविज्ञानाचा संशोधक, हार्वर्डशी संलग्न रुग्णालयात काम केलेला. त्याने 1987च्या सुमारास संगणकावर चित्रपट रंगवण्याची पद्धत विकसित केली आणि 2001 मध्ये लेजंड फिल्म्सच्या स्थापनेत भाग घेतला. मधल्या काळात तंत्र पुष्कळ सुधारलं होतं. 1986 मध्ये दुसऱ्या एका कंपनीने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ रंगवला, तेव्हा त्यातली मढी हिरवी दिसत होती; लेजंडच्या 2004च्या आवृत्तीत त्यांच्या कातडीला मेलेल्या माणसाची कळा आली. स्टॉप-मोशनचा जादूगार रे हॅरीहाउसेन स्वतः लेजंडबरोबर बसला आणि त्याने आपले जुने चित्रपट रंगवून घेतले. पुढे या कंपनीचं लेजंड थ्रीडी झालं आणि तिचा एक स्टुडिओ पुण्यात निघाला. पण नेमका रंग चढवण्यापेक्षा ‘रीफर मॅडनेस’मधला खोटा रंग मला अधिक हुशार वाटतो. जांभळा धूर सोडणारं पात्र बघताना, हे खरं दिसावं अशी कोणाची अपेक्षाच नसते. रंगवणाऱ्याने तिथे शेरा मारलेला आहे, नेल्सनने तोंड उघडण्याच्याही आधी.

शेरेबाजीची कारागिरी

चित्रपटावर चित्रपटभर बोलण्याची रीत मुळात अभ्यासकांची. 1984 मध्ये क्रायटेरियन कंपनीने ‘किंग काँग’ची लेझरडिस्क काढली आणि तिच्या रिकाम्या ध्वनिमार्गावर लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयातले चित्रपटतज्ज्ञ रोनाल्ड हेव्हर यांचं विवेचन ध्वनिमुद्रित केलं. ही पहिली ऑडिओ कॉमेंटरी. विनोदकारांनी हीच जागा बळकावली.

त्यांची तालीम मात्र टीव्हीवर झाली होती. 24 नोव्हेंबर 1988 रोजी मिनियापोलिसच्या एका छोट्या टीव्ही केंद्रावर जोएल हॉजसनने ‘मिस्टरी सायन्स थिएटर 3000’ सुरू केलं. अंतराळात अडकवलेला एक माणूस आणि त्याचे यंत्रमानव टुकार चित्रपट बघतात आणि पडद्याच्या तळाशी त्यांच्या सावल्या शेरे मारत राहतात, एवढीच कल्पना. पहिल्या हंगामात बरंचसं आयत्या वेळचं होतं. मग लेखकांची खोली तयार झाली. एकच चित्रपट पुनःपुन्हा थांबवत बघायचा, दोन संवादांमधल्या फटी हेरायच्या, त्या फटीत मावेल एवढाच विनोद लिहायचा. पुढचं वाक्य कथेसाठी लागणार असेल तर गप्प बसायचं. नेल्सन तिथे मुख्य लेखक होता आणि 1993 पासून सूत्रधार. 1999 मध्ये कार्यक्रम थांबला आणि हा सराव घेऊन तो लेजंडकडे आला. इथे साथीला कोणी नव्हतं. तिघांच्या टोळक्यात एकाचा विनोद पडला तर दुसरा सावरून घेतो. एकट्याला पूर्ण चित्रपट रेटावा लागतो. नाटकाच्या पिटातल्या शेरेबाजासारखं एक वाक्य टाकून खाली बसायची सोय नाही.

टवाळी कुठे चिकटते आणि कुठे घसरते, याची परीक्षा नेल्सनने लेजंडसाठी केलेल्या कॉमेंटरींमध्ये आपोआप झाली. एड वुडचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ घ्या. त्यातला नट बेला लुगोसी 1956 मध्ये वारला, तेव्हा वुडकडे त्याचे मोजकेच तुकडे होते. उरलेल्या भूमिकेत त्याने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके बसवणाऱ्याला, उभं केलं आणि चेहरा जुळत नाही म्हणून झग्याने तोंड झाकून फिरवलं. इथे चित्रपट स्वतःच फटी ठेवत जातो. ‘रीफर मॅडनेस’मध्ये फट उपदेश आणि वास्तव यांच्यातली. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ मात्र टवाळीला दाद देत नाही. ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने रंगवलेला नायक रात्रभर मढ्यांशी झुंजून तगतो आणि सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्यांच्या बंदुकीने मरतो. 1968च्या अमेरिकेत तयार झालेल्या या शेवटावर कोणताही शेरा हलकाच वाटणार. हा चित्रपट 1999 मध्ये नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला.

टवाळीने चित्रपट मरतो, असं मात्र नाही. टेक्सासच्या एल पासोतल्या एका खतविक्रेत्याने 1966 मध्ये काढलेला ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’ पार विसरला गेला होता. 1993 मध्ये हॉजसनच्या चमूने त्याची पिसं काढली आणि तो जगातल्या सर्वांत वाईट चित्रपटांच्या यादीत जाऊन बसला. 2011 मध्ये एका तरुणाला त्याची 16 मिलिमीटरची मूळ प्रत मिळाली आणि लोकांच्या वर्गणीतून ती दुरुस्त झाली. चेष्टेचा विषय झाला नसता, तर त्या डब्याकडे कोणी पाहिलंही नसतं.

2006 मध्ये नेल्सनने लेजंडच्याच आश्रयाने ‘रिफट्रॅक्स’ काढलं आणि हिशेब उलटा केला. आता लक्ष्य होते मालक असलेले, मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट, सुरुवात ‘रोड हाउस’पासून. ते विकायचा हक्क नाही, म्हणून फक्त आवाजाची फाइल विकायची. डीव्हीडी तुमची तुम्ही आणा आणि दोन्ही एकदम सुरू करा. बेवारस चित्रपट मात्र आवाजासकट विकता येत होते. 20 ऑगस्ट 2009 रोजी नॅशव्हिलच्या बेलकोर्ट थिएटरमधून रंगीत ‘प्लॅन नाइन’ची थेट शेरेबाजी शेकडो चित्रपटगृहांत दाखवली गेली.

आपल्याकडे

‘रीफर मॅडनेस’ रंगला त्याच वर्षी, ऐन दिवाळीत, आपल्याकडे रंगीत ‘मुघल-ए-आझम’ लागला. पुढे ‘नया दौर’ आणि ‘हम दोनो’ रंगले. हे चित्रपट मालकांनी रंगवले, आदराने रंगवले. बेवारस चित्रपट घेऊन खेळण्याची रीत इथे रुजली नाही, आणि त्याचा दोष कायद्याला देता येणार नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1964 पर्यंत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांची मुदत 2024च्या अखेरपर्यंत संपली; आचार्य अत्र्यांचा 1953चा ‘श्यामची आई’ तर त्याआधीच त्या मर्यादेबाहेर गेला. कथा, गीत, संगीत यांचे हक्क वेगळे मोजावे लागतात, हे खरं. काप्राच्या चित्रपटानेही तोच धडा दिला.

खरी अडचण प्रतींची आहे. स्ट्रूपला मालक नसलेला चित्रपट मिळाला, कारण एका सरकारी ग्रंथालयाने तो जपून ठेवला होता आणि मागणाऱ्याला त्याची प्रिंट मिळत होती. आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात 1964 मध्ये सुरू झालं, तोवर मूकपटांचा फार मोठा भाग नाहीसा झाला होता. फाळक्यांच्या 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’वर आज कोणाची मालकी नाही, आणि पूर्ण चित्रपटही कोणाकडे नाही. जुना मराठी सिनेमा रंगवायचा असो, त्याच्यावर प्रबंध लिहायचा असो की त्याची यथेच्छ टवाळी करायची असो, आधी तो कुठल्यातरी डब्यात शाबूत असावा लागतो आणि तो डबा मागणाऱ्याच्या हाती लागावा लागतो. कायद्याने खुला झालेला चित्रपट लोकांपर्यंत पोहोचवण्याचं हे काम आपल्याकडे अजून व्हायचं आहे.