बदलायचं कधी, थांबायचं कधी

सकाळी 6.30. चहाबरोबर रात्रीचे लॉग वाचते. देवगड हापूसच्या ऑर्डरी घेणारी प्रणाली सध्या हाती आहे. तिचा मालसाठा मोजणारा घटक पहाटे पडला आणि कुणालाही न उठवता पुन्हा उभा राहिला. माझ्या दृष्टीने रात्र चांगली गेली.

9.00. पुण्याची टीम व्हिडिओवर. फळ्यावर नेहमीचंच चक्र : निरीक्षण, विश्लेषण, योजना, अंमल आणि चौघांना लागणारं सामायिक ज्ञान. 2001मध्ये आयबीएमने स्वतःचं स्वतः पाहणाऱ्या संगणकांची कल्पना मांडली, 2003मध्ये केफर्ट आणि चेस यांच्या लेखातून हे चक्र सर्वदूर पोचलं.

10.30. आजचं खरं काम. भार वाढला की घटकाच्या चालू प्रती वाढवणं सोपं. कमी कधी करायच्या, इथे सगळं अडतं. या प्रती सांभाळणारं कुबरनेटीज मूळ सेटिंगमध्ये दर 15 सेकंदांनी भार तपासतं. वाढवताना थांबत नाही. घटवताना मात्र मागच्या 5 मिनिटांत सर्वांत जास्त प्रती किती लागत होत्या ते पाहतं आणि तोच आकडा धरतं. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेसाठी सोडलेल्या जादा एसटी गाड्या गर्दी जराशी ओसरली म्हणून कुणी लगेच आगारात नेत नाही, तसंच हे. हा सावधपणा नसला तर प्रणाली क्षणाक्षणाला वर-खाली होते आणि त्या धावपळीतच दमते. आमच्यासाठी ती 5 मिनिटं मी 10 केली; ऑर्डरी लाटांनी येतात.

1.30. "जेवक येतंस मा?" आईची हाक. बांगड्याचं तिखलं, भात.

3.00. चालू प्रणालीतला घटक बदलणं. एरिक्सन या टेलिफोन कंपनीत 1986च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग यांनी सुरू केलेली एर्लँग भाषा यात अजूनही माझी गुरू आहे. जुनी आणि नवी आवृत्ती तिथे एकाच वेळी मेमरीत राहतात, त्यामुळे चालू फोन तुटत नाही. त्याहून मोलाचा तिचा पर्यवेक्षक : ठरल्या वेळात घटक ठरल्यापेक्षा जास्त वेळा पडला, तर तो पुन्हापुन्हा उठवत बसत नाही, स्वतः थांबून प्रश्न वरच्याकडे सोपवतो. स्वयंचलित प्रणालीला एवढं कळायलाच हवं. म्हणून मी एक नियम लिहिला : गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेल्यापासून पावती मिळेपर्यंत पैसे भरून घेणारा घटक प्रणालीने बदलायचा नाही, भार कितीही असो.

6.00. चाचणी सर्व्हरवर तोच घटक नेमका त्या मधल्या क्षणी मुद्दाम पाडला. पावती उशिरा आली, पण एकच आली. नियम पुण्याला पाठवला; सकाळच्या बैठकीत त्यावर वाद होईल आणि व्हायलाच हवा.