निवडणूक सोसायटीची, दाद मागावयाची कोठे?

माजिवड्यापासून गायमुखापर्यंत घोडबंदर रोडच्या दुतर्फा गेल्या तीन-चार दशकांत जी वस्ती उभी राहिली, तीतील असंख्य कुटुंबे कोणत्या ना कोणत्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद आहेत. महापालिकेच्या निवडणुकीवर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरतात. परंतु टँकर कोणाकडून घ्यावयाचा, लिफ्ट केव्हा बदलावयाची आणि इमारतीच्या दुरुस्तीचे कंत्राट कोणाला द्यावयाचे हे ठरविणाऱ्या व्यवस्थापक समितीच्या निवडणुकीकडे आपण घरगुती बाब म्हणूनच पाहतो. ती तशी नाही. दोनशे चाळीस सदनिकांच्या संस्थेत दरमहा सदनिकेमागे पाच हजार रुपये आकारणी धरली, तर पाच वर्षांच्या एका कार्यकालात सात कोटी वीस लाख रुपये समितीच्या हातून खर्च होतात.

अशा निवडणुकीत अन्याय झाल्यास दाद मागावयाची कोठे? सामान्य माणूस प्रथम दिवाणी न्यायालयाचेच नाव घेईल. दिवाणी स्वरूपाचे सर्व दावे, कायद्याने मनाई केलेली नसेल तर, चालविण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ने त्या न्यायालयास दिला आहे. परंतु येथे मनाई आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ९१ प्रमाणे असा वाद सहकार न्यायालयापुढे जातो आणि कलम १६३ दिवाणी न्यायालयाचे दार बंद करते. एखादे शिक्षण मंडळ किंवा धर्मादाय संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर ती महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासही ठरते. मग नव्या कार्यकारिणीचा बदल अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो, आणि १९५० च्या न्यास अधिनियमाचे कलम ८० तेथेही दिवाणी न्यायालयास अटकाव करते. ज्या प्रश्नाचा निर्णय त्या अधिकाऱ्यांनी द्यावयाचा नाही, तेवढ्यापुरतीच वाट मोकळी राहते. कोणता प्रश्न कोणाचा, यावरच उभय पक्षांचे वकील वर्ष-दोन वर्षे सहज घालवू शकतात.

या मनाईमागील हेतू वाईट नव्हता. निवडणुकीचे वाद लवकर व जाणत्या माणसापुढे सुटावेत, हीच अपेक्षा होती. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली धुलाभाई प्रकरणात जे निकष घालून दिले, त्यांत एक महत्त्वाचा आहे: दिवाणी न्यायालयाचा अधिकार वगळला असे मानताना, त्याच्या जागी दिलेला उपाय पुरेसा आहे काय हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखक कायद्याचा नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. त्याच्या दृष्टीने उपायाचा पुरेसेपणा वेळेत मोजावा लागतो. समितीची मुदत पाच वर्षांची. निवडणुकीचा वाद आणि त्यावरील अपील मिळून चार वर्षे लागली, तर जिंकणाऱ्याच्या पदरात निकालाच्या प्रतीपलीकडे फारसे काय पडते?

मतदानापूर्वीच न्यायालयाने थांबवावे, असे कोणी म्हणेल. तेही सोपे नाही. श्री संत सद्गुरू जनार्दन स्वामी सहकारी दूध उत्पादक संस्थेच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मतदारयादी तयार करणे हा निवडणूक प्रक्रियेचाच भाग आहे आणि प्रक्रिया सुरू झाल्यावर उच्च न्यायालयाने सहसा मध्ये पडू नये. तक्रार निकालानंतर करावी. तत्त्व योग्य आहे, नाहीतर एकही निवडणूक पार पडणार नाही. मात्र त्यामुळे निकालानंतरच्या न्यायाची गती हाच सारा प्रश्न होऊन बसतो.

आता थकबाकीदाराचे उदाहरण घ्या. थकबाकीदाराला समितीवर जाता येत नाही. पण थकबाकी ठरवितो कोण? बिल काढणारी समितीच. पार्किंगच्या आकारणीवर ज्याने हरकत घेतली, तोच सभासद नेमका निवडणुकीच्या तोंडावर थकबाकीदार ठरतो, हे नवल नव्हे. ज्याच्या हाती हिशेबाची वही, त्याला तसे करण्यात उघड लाभ आहे. २०१९ च्या सुधारणेने अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या गृहसंस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा दिली. छोट्या संस्थांचा खर्च व खोळंबा त्यामुळे वाचला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उमेदवाराची पात्रता आणि मतमोजणी एकाच जिन्यावरच्या माणसांच्या हाती गेली, हेही तितकेच खरे.

म्हणून दिवाणी न्यायालयाचे दार पुन्हा उघडा, या मागणीत अर्थ नाही. तेथील रांग काही आखूड नाही. मागावयाचे ते दुसरेच. नामनिर्देशनपत्र फेटाळले गेल्यास कलम १५२-अ खाली निबंधकाकडे अपील होते आणि ते दहा दिवसांत निकालात काढावे असे विधिमंडळाने सांगून ठेवले आहे. म्हणजे मुदत घालता येते, हे त्यास ठाऊक आहे. निकालानंतरच्या वादालाही सहा महिन्यांची मुदत घालावी. ती टळल्यास समितीने दुरुस्ती व पुनर्विकासाचे मोठे करार सर्वसाधारण सभेच्या नव्या ठरावाविना करू नयेत. आणि थकबाकीदारांची यादी मतदानापूर्वी तीस दिवस, समितीच्या नव्हे तर शासनाच्या नामतालिकेवरील लेखापरीक्षकाच्या सहीने सूचनाफलकावर लागावी. वादग्रस्त रक्कम निबंधकाकडे भरून सभासदास उमेदवारी करता यावी. लेखापरीक्षक संस्थेला दरवर्षी नेमावाच लागतो. खर्च वाढेल तो एका सहीचा.