औषधयोजना, वृद्ध हृद्‌रोग्यांतील अनुचित

ज्या औषधापासून संभवणारा अपाय अपेक्षित लाभाहून अधिक असतो आणि ज्याला अधिक सुरक्षित पर्याय असतो, असे औषध वृद्ध रुग्णास देणे यास अनुचित औषधयोजना म्हणतात. वार्धक्यात वृक्कांची (मूत्रपिंडांची) उत्सर्जनक्षमता घटते. त्यामुळे तरुणास मानवणारी मात्राही वृद्धास विषारी ठरू शकते. उदा., डिजॉक्सिन हे हृदयावरील औषध मुख्यतः वृक्कांवाटे उत्सर्जित होते. ते शरीरात साचल्यास मळमळ, मतिभ्रम व हृदयस्पंदनांत अनियमितता उद्‌भवते. सोबतच्या मूत्रल औषधाने रक्तातील पोटॅशियम घटल्यास हा धोका वाढतो. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके शरीरात लवण व पाणी साठवून हृदयाची अकार्यक्षमता वाढवितात.

रुग्णालयात अनेक तज्ञांचे उपचार एकत्र आल्याने औषधांची संख्या वाढते. कधीकधी दुष्परिणामालाच नवा रोग समजले जाते, उदा., ॲम्लोडिपीनमुळे पायांवर आलेल्या सुजेसाठी मूत्रल औषध दिले जाते.

अमेरिकेत मार्क बीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी प्रसिद्ध केली. आयर्लंडमध्ये तयार झालेल्या ‘स्टॉप’ व ‘स्टार्ट’ या निकषांत (२००८) आवश्यक असूनही न दिलेल्या औषधांचाही विचार आहे. मात्र अशा याद्या वैद्यकीय निर्णयाची जागा घेऊ शकत नाहीत. कारण बीटारोधकांसारखी काही औषधे एकाएकी थांबविणेही घातक ठरू शकते.